गोलंदाजाच्या बाजूचं पान

कल्याणच्या मैदानावर ४ आणि ५ जानेवारी २०१६ रोजी प्रणव धनावडेनं नाबाद १००९ धावा काढल्या, हे जगाला ठाऊक आहे. के. सी. गांधी शाळेचा ३ बाद १४६५ हा धावफलकही पुष्कळांच्या लक्षात असेल. भंडारी करंडकाच्या त्याच सामन्यात आर्य गुरुकुलचा संघ ३१ आणि ५२ धावांत गुंडाळला गेला. दोन्ही डाव मिळून ८३! समोरची मुलं लहान होती हे खरं, पण ती जशी गोलंदाजांसमोर लहान होती तशीच प्रणवसमोरही होती. तरी हे बळी कोणी घेतले, याची चौकशी फारशी कोणी केली नाही.

बेसबॉलमध्ये हे असं घडत नाही. प्रतिस्पर्धी संघाला नऊ डावांत एकही हिट मिळू दिला नाही, तर तो सामना ‘नो-हिटर’ म्हणून नोंदला जातो आणि संघ त्याची यादी पिढ्यान्‌पिढ्या जपतो. न्यूयॉर्क मेट्स हा संघ १९६२पासून खेळतो आहे. त्याच्या वाट्याला पहिला नो-हिटर आला १ जून २०१२ रोजी, योहान सांतानाच्या हातून. दुसरा एप्रिल २०२२मध्ये पाच पिचरांनी मिळून केला आणि तोही तितक्याच मानानं यादीत गेला.

आपल्याकडे याला जवळचं काय? निव्वळ फटका न बसू देण्याचा विचार केला तर बापू नाडकर्णी. जानेवारी १९६४मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी सलग २१ षटकं निर्धाव टाकली. त्या डावातलं पृथक्करण ३२-२७-५-०. पण बळी एकही नाही. म्हणून दुर्मीळपणात नो-हिटरच्या शेजारी बसते ती डावातल्या दहाच्या दहा बळींची कामगिरी. फरक इतकाच, की नो-हिटर वाटून घेता येतो आणि इथे बाकीच्या गोलंदाजांना रिकाम्या हातानं परतावं लागतं.

मुंबईसाठी ही कामगिरी केली सुभाष गुप्ते यांनी. १९५४-५५च्या मोसमात पाकिस्तान सर्व्हिसेस आणि बहावलपूरच्या संयुक्त संघाविरुद्ध ७८ धावांत १०. प्रथम श्रेणीत असं करणारे ते पहिले भारतीय. चार वर्षांनी कानपूर कसोटीत वेस्ट इंडिजविरुद्ध ते पुन्हा उंबरठ्यावर आले होते, १०२ धावांत ९. लान्स गिब्जचा झेल यष्टिरक्षक नरेन ताम्हाणे यांच्या हातून सुटला आणि उरलेला एक बळी पहिलीच कसोटी खेळणाऱ्या वसंत रांजणे यांना मिळाला. या रांजण्यांनीच १९५६-५७मध्ये महाराष्ट्राकडून प्रथम श्रेणीतल्या पदार्पणात सौराष्ट्राचे ३५ धावांत ९ बळी टिपले होते, हॅटट्रिकसह. दहावा कसा हुकतो, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार?

रणजी करंडकात आजवर तिघांनीच डावात दहा बळी घेतले, ते बंगालचे प्रेमांग्शू चॅटर्जी, राजस्थानचे प्रदीप सुंदरम आणि २०२४मध्ये हरियाणाचा अंशुल कंबोज. इतक्या वेळा करंडक जिंकणाऱ्या मुंबईचं त्यात कोणी नाही. पण १९७२-७३च्या अंतिम सामन्यात चेपॉकला पद्माकर शिवलकरांनी तमिळनाडूचे १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी घेतले. माझ्या मते मुंबईच्या गोलंदाजीचं याहून मोठं पान नाही. शिवलकर कसोटी खेळलेच नाहीत, हा अन्याय कायमचाच राहिला. वानखेडेवर दहा बळींचा पराक्रम झाला तो डिसेंबर २०२१मध्ये, आणि केला मुंबईत जन्मलेल्या एजाज पटेलनं, न्यूझीलंडकडून, ११९ धावांत.

आपल्या भागाकडे वळू. डोंबिवलीच्या अजिंक्य रहाणेला घराघरात ओळखतात. कल्याणचा तुषार देशपांडे शिवाजी पार्कवर निवड चाचणीला गेला तेव्हा फलंदाजांची रांग लांबलचक आणि गोलंदाजांची आखूड होती, म्हणून तो आखूड रांगेत उभा राहिला. पुढे २०२३च्या विजेत्या चेन्नई सुपर किंग्जकडून त्यानं २१ बळी घेतले. तरी त्याचा गवगवा झाला तो फेब्रुवारी २०२४मध्ये बडोद्याविरुद्ध अकराव्या क्रमांकावर काढलेल्या १२३ धावांसाठी! त्या धावा मोलाच्याच होत्या, पण गोलंदाजाचं कौतुक बॅट हाती आल्यावरच व्हावं, हे बरं नाही.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या शाळा आणि क्लबांकडे स्कोअरबुकं असतातच. जुनी वह्या-पुस्तकं रद्दीत घालण्याआधी गोलंदाजीच्या तक्त्यांचे फोटो काढून ठेवा. आठ, नऊ, दहा बळी घेणाऱ्या मुलामुलींची नावं, तारीख आणि मैदान लिहून शाळेच्या फलकावर लावा. आणि २०१६च्या त्या सामन्यातल्या गोलंदाजांपासून सुरुवात करा.