महाग हेडफोन घेण्याआधी डोळे झाका! घरच्या घरी आवाजाची खरी तुलना कशी करायची?



"सर, रेकॉर्डिंग आणि ऑडिओ एडिटिंगचं काम सुरू करायचंय. हेडफोन कोणता घेऊ? तीस हजारांचा घेतला तर काम चांगलं होईल ना?"

हा प्रश्न आता फक्त पुण्या-मुंबईचा राहिलेला नाही. समजा, तुम्ही परभणीजवळच्या पिंगळीत राहता. आसपासच्या गावांत अखंड हरिनाम सप्ताह होतात, कीर्तनं होतात, लग्नं होतात, शाळेची गॅदरिंग होतात. कीर्तनाचे व्हिडिओ यूट्यूबवर लोक आवडीने बघतात. दुकानदाराला रिक्षावर फिरवायची जाहिरात रेकॉर्ड करून हवी असते. म्हणजे काम आहे. हे काम घरातल्या एका खोलीत बसून करता येतं, हेही खरं.

आता पैशाचं बघू. मुद्रा योजनेत शिशु गटाचं कर्ज ५० हजारांपर्यंत मिळतं. त्यातले ३० हजार हेडफोनवर गेले, तर माइक, रेकॉर्डर, स्टँड आणि केबलला किती उरले? म्हणून हा प्रश्न नुसत्या शौकाचा नाही. तुमच्या पहिल्या भांडवलाचा निम्म्याहून जास्त भाग इथे अडकणार आहे.

आज मी तुम्हाला "हा घ्या, तो घ्या" असं सांगणार नाही. दोन-तीन हेडफोन घरी आणून, स्वतःच्या कानांनी, फसवणूक न होता तुलना कशी करायची ते सांगतो. फसवणूक म्हणजे दुकानदार करतो ती नव्हे बरं का. आपलेच डोळे आपल्या कानांना फसवतात, ती!

डोळे कानांना कसे फसवतात?

१९९४ साली अमेरिकेतल्या हरमन कंपनीत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोन संशोधकांनी एक प्रयोग केला. हरमन म्हणजे जेबीएलची मालक कंपनी. त्यांनी स्वतःच्याच कंपनीतल्या ४० लोकांना चार स्पीकर ऐकवले. एकदा स्पीकर समोर दिसत असताना आणि एकदा पडद्याआड ठेवून.

काय झालं? स्पीकर दिसत होते तेव्हा मोठ्या, भारदस्त स्पीकरना जास्त मार्क मिळाले आणि लहान, स्वस्त दिसणारा संच खाली गेला. पडदा लावल्यावर हा फरक बराच कमी झाला. स्पीकर तेच, गाणी तीच, कान तेच. बदललं फक्त दिसणं! ही मंडळी रोज आवाजाच्याच धंद्यात वावरणारी होती. मग आपलं काय होत असेल?

हेडफोनबद्दलही असंच एक काम आहे. २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनची मोजमापं घेऊन त्यांच्या किमतींशी ताडून बघितली. कोणता हेडफोन बारीक, मधले आणि जाड स्वर किती प्रमाणात देतो, याचा आणि किमतीचा काही संबंध सापडला नाही. किंमत वाढली की मजबुती, गादीचा मऊपणा, जोडणीची सफाई वाढू शकते. पण "महाग म्हणजे आवाज बरोबर" हे गृहीत धरू नका.

तुलनेसाठी हेडफोन आणायचे कुठून?

तुम्ही म्हणाल, "सर, तीन हेडफोन विकत घेऊन मग तुलना करू का?" अजिबात नाही.

ओळखीच्या साउंडवाल्याकडून किंवा व्हिडिओ शूटिंगवाल्याकडून एका रात्रीसाठी मागा. परभणीतल्या एखाद्या स्टुडिओला दिवसाच्या भाड्याने देता का, विचारा. ऑनलाइन मागवणार असाल तर आधी परतीचे नियम नीट वाचा. खोलून वापरलेला हेडफोन परत घेतात का, पैसे परत मिळतात की फक्त बदलून देतात, हे ऑर्डरच्या आधी बघायचं, नंतर नाही.

नवीनच मॉडेल पाहिजे असा हट्टही नको. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून आणि सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ पासून बाजारात आहे. दोन्ही आजही कामाच्या ठिकाणी दिसतात.

पायरी १: आवाजाची पातळी सारखी करा

ही पायरी चुकली की बाकी सगळी मेहनत वाया. दोन आवाजांपैकी किंचित मोठा आवाज आपल्याला "जास्त चांगला" वाटतो. आणि एकाच मोबाइलला, एकाच व्हॉल्यूमवर दोन वेगळे हेडफोन लावले तर आवाज क्वचितच सारखा येतो. एचडी ६००चा विद्युत रोध ३०० ओहम आहे, एमडीआर-७५०६चा ६३ ओहम. साध्या मोबाइलवर पहिला दबलेला वाटू शकतो. तो वाईट आहे म्हणून नव्हे, त्याला पुरेसा जोर मिळत नाही म्हणून. असा हेडफोन घेतला तर वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागू शकतो. तो खर्चही किमतीत धरायचा.

पातळी अशी जुळवा. एक जाड पुठ्ठा घ्या, मध्ये छोटं भोक पाडा. भोकाखाली मोबाइलचा माइक येईल असा मोबाइल ठेवा आणि त्यात आवाज मोजणारं अ‍ॅप चालू करा. हेडफोनची एक गादी पुठ्ठ्यावर सपाट टेकवा, हवा बाहेर जाता कामा नये. आता लॅपटॉपवरून "पिंक नॉइज" वाजवा. पावसाच्या सरीसारखा एकसारखा आवाज असतो तो, शोधला की मिळतो. आकडा लिहून घ्या. गादी उचलून पुन्हा ठेवा, असं तीनदा करा. मग दुसरा हेडफोन ठेवा आणि आकडा तितकाच येईपर्यंत एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये आवाज कमी-जास्त करा. फरक अर्ध्या डेसिबलच्या आत आला पाहिजे.

मोबाइलचा आकडा प्रयोगशाळेइतका अचूक नसतो. पण मोबाइल तोच, जागा तीच, त्यामुळे तुलनेपुरता तो चालतो. शेवटी एखाद्याचं बोलणं वाजवून दोन्हीकडे आवाज सारखा वाटतो का, तेवढं कानाने तपासा.

पायरी २: बाकी सगळं एकच ठेवा

लॅपटॉप एकच, फाइल एकच. "बास बूस्ट", "सराउंड" असली सगळी बटणं बंद. एक हेडफोन वायरचा आणि दुसरा ब्लूटूथचा असेल, तर तुम्ही फक्त हेडफोनची तुलना करत नाही, हे लक्षात ठेवा.

वेळ रात्रीची निवडा. पंखा आणि कूलर बंद. पिंगळीला रेल्वे स्टेशन आहे, गाडी जाऊ द्या, मग सुरू करा. चष्मा असेल तर दोन्ही वेळा सारखाच ठेवा. चष्म्याच्या काडीमुळे गादीखाली फट राहते आणि बंद हेडफोनचा बास लगेच कमी होतो.

पायरी ३: ऐकायचं काय?

हेडफोन विकायला वापरतात ती झगमग गाणी नकोत. तुम्हाला पाठ असलेला आवाज घ्या. पंडित भीमसेन जोशींनी गायलेला एखादा अभंग घ्या. टाळ आहेत, त्यातून बारीक स्वर कळतात. पखवाज आहे, त्यातून खालचा जाड स्वर कळतो. मधोमध माणसाचा आवाज आणि हार्मोनियम. तानपुरा मागे गेला की तेही कळतं. ३० सेकंदांचा एकच तुकडा निवडा. आवाजाचे बारकावे आपल्या डोक्यात फार वेळ टिकत नाहीत. अख्खं गाणं ऐकून मग हेडफोन बदलला तर तुलना आठवणीशी होते, आवाजाशी नाही.

दुसरा तुकडा तुमच्या कामाचा हवा. मंडपातलं कीर्तन, मागे जनरेटर, मध्ये माइकची फुसफुस, असं खरं रेकॉर्डिंग.

पायरी ४: डोळे झाका आणि नाणं उडवा

घरातल्या कोणाला तरी मदतीला घ्या. डोळ्यांवर रुमाल बांधा. मदतनीस मागून हेडफोन चढवेल, तुम्ही हात लावायचा नाही. कोणता आधी, कोणता नंतर, हे त्याने दर वेळी नाणं उडवून ठरवायचं आणि तुम्हाला सांगायचं नाही. तुम्ही फक्त "पहिला" किंवा "दुसरा" एवढंच म्हणायचं. तो कागदावर लिहील. अशा दहा फेऱ्या करा.

वजनावरून, गादीवरून अंदाज येतो, हे खरं आहे. शॉन ऑलिव्ह यांच्या गटाने म्हणूनच पुढे एकाच हेडफोनमधून वेगवेगळ्या हेडफोनचे स्वर तयार करून ऐकवायची पद्धत वापरली. घरी ते जमणार नाही. पण किंमत आणि ब्रँड डोळ्यांसमोरून गेला तरी मोठं काम होतं.

निकाल कसा वाचायचा? दहापैकी पाच-सहा वेळा एकच हेडफोन आवडला, तर तो नाण्याचाच खेळ समजा. तुमच्या कानांना ठाम फरक कळलेला नाही. आठ वेळा आवडला तर दखल घ्या. नऊ किंवा दहा वेळा आवडला तर तुमची आवड पक्की. एखादा हेडफोन निव्वळ नशिबाने दहात नऊ वेळा किंवा जास्त निवडला जाण्याची शक्यता साधारण १ टक्का असते.

पायरी ५: गोड कोणता नव्हे, चूक कोण दाखवतो?

इथे शौकीन आणि उद्योजक वेगळे होतात. शौकीनाला गोड वाटणारा हेडफोन हवा. तुम्हाला रेकॉर्डिंगमधली खोट दाखवणारा हवा.

एक सोपी परीक्षा घ्या. मित्राला सांगा, पाच मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये दहा चुका लपव. कुठे विजेची ५० हर्ट्झची घरघर, कुठे "टक्" असा आवाज, कुठे चुकीचा कट, कुठे फाटलेला आवाज. वेळा त्याच्याकडे लिहिलेल्या असू द्या. तुम्ही एकेका हेडफोनवर ऐकून चुका शोधा. प्रत्येक हेडफोनसाठी चुकांच्या जागा बदलायच्या, नाहीतर दुसऱ्या वेळी पाठांतर होईल. १० हजारांच्या हेडफोनवर आठ सापडल्या आणि ३० हजारांच्या हेडफोनवरही आठच सापडल्या, तर उत्तर तुमच्यासमोर आहे.

जागेचाही विचार करा. एचडी ६००सारखे उघडे हेडफोन बाहेरचा आवाज आत येऊ देतात आणि आतला बाहेर सोडतात. शांत खोलीत ठीक. मंडपात लाऊडस्पीकरशेजारी उभं राहून रेकॉर्डिंग तपासायचं असेल, तर एमडीआर-७५०६सारखा बंद प्रकारच हवा.

दोन तास सलग घालूनही बघा. कान दुखले तर कामही दुखेल. आवाज बेताचा ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास आणि ८० डेसिबल ही मर्यादा आहे. या धंद्यात कान हीच तुमची मशीन आहे. ती दुरुस्त होत नाही.

आता गणित मांडा

समजा दोन हेडफोनमध्ये २० हजारांचा फरक आहे. एका रेकॉर्डिंगच्या कामात खर्च जाऊन तुम्हाला १,००० रुपये सुटतात. म्हणजे फरकाचे पैसे वसूल करायला २० कामं लागतील. स्वतःला विचारा, या महागड्या हेडफोनमुळे मला २० कामं जास्तीची मिळणार आहेत का? की तेच पैसे माइकवर घातले तर गिऱ्हाइकाला फरक लगेच ऐकू येईल? तुमचा गिऱ्हाईक कीर्तन मोबाइलच्या स्पीकरवर ऐकणार आहे. म्हणून तयार झालेलं काम शेवटी साध्या मोबाइलवर आणि स्वस्त इअरफोनवरही ऐकून बघायचं, तो नियमच करा.

तुलनेनंतर महागडाच सरस ठरला आणि गणितही बसलं, तर खुशाल घ्या. तेव्हा तुम्ही ब्रँडला भुललेले नसाल, हिशोबाने घेतलेला असेल.

ही पद्धत छोट्या माणसाच्या फायद्याची आहे

आता जरा इतिहासात जाऊ. १९१० च्या सुमारास अमेरिकेतल्या युटा राज्यात नॅथॅनियल बाल्डविन नावाच्या माणसाने स्वयंपाकघरात हेडफोन बनवले आणि नौदलाकडे पाठवले. नाव नाही, कारखाना नाही. पण नौदलाने ते तपासून बघितले, चांगले निघाले आणि ऑर्डर दिली. घरात बनवत असल्यामुळे त्याला एका वेळी दहाच देता येत होते! तिथे दुकानाची पाटी बघून निर्णय झाला असता, तर बाल्डविन परीक्षेपर्यंत पोचलाही नसता.

मित्रांनो, नाव झाकून केलेली तुलना मोठ्या ब्रँडला नेहमीच सोयीची नसते. तुम्हाला मात्र ती दोन्हीकडून सोयीची आहे. घेताना तुमचे पैसे वाचवते आणि विकताना तुमच्या मालाला न्याय मिळवून देते.

या आठवड्याचं होमवर्क

पहिलं काम: ऑडिओच्या धंद्यात उतरणार असाल, तर दोन हेडफोन मागून आणा आणि दहा फेऱ्यांचा कागद भरा. तोवर खरेदी थांबवा.

दुसरं काम सगळ्यांसाठी: तुम्ही मसाला, पापड, लोणचं, काहीही विकत असा. तुमचा माल आणि बाजारातला नावाजलेला माल सारख्या वाट्यांत ठेवा, नावं झाका आणि ओळखीच्या नसलेल्या दहा जणांना चाखायला द्या. नातेवाईक नकोत, ते तुमच्या तोंडाकडे बघून मार्क देतात. आठ जणांनी तुमचा निवडला, तर दर वाढवायचा विचार करा. तिघांनीच निवडला, तर जाहिरातीवर पैसे घालण्याआधी मालावर काम करा.

कागद भरून तयार ठेवा. पुढच्या व्हिडिओत त्याच कागदावरून मालाचा दर कसा ठरवायचा ते बघू.