कारखाना आणि कल्पकता

दिवाळी उलटली, कीं बीड जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबें घरांना कुलपें लावून ऊसतोडणीसाठीं निघतात. पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील साखर कारखान्यांच्या परिसरांत त्यांचा मुक्काम कांहीं महिने असतो. या धंद्यांत नवराबायकोच्या जोडीला एक नांव आहे : 'कोयता'. एक कोयता म्हणजे दोन माणसें; एकटा मजूर म्हणजे अर्धा कोयता. मुकादम उचल देतो तीहि कोयत्याच्या हिशेबानें. हत्याराचेंच नांव तें चालविणाऱ्याला मिळावें, हें ऐकावयास चमत्कारिक वाटतें. परंतु त्यांत एक मोठा प्रश्न दडलेला आहे. हत्याराला कोणी सल्ला विचारीत नाहीं. मग ज्याला हत्यारच मानलें, त्याला तरी कोण विचारणार?

वस्तुतः त्याला विचारण्यासारखें पुष्कळ असतें. बुडख्याकडे साखर अधिक, म्हणून ऊस जमिनीलगत छाटावा. शेंड्याचें वाढें गुरांच्या वैरणीसाठीं निराळें काढावें. मोळी केवढी बांधली असतां डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढतांना तोल जात नाहीं, हें सारें ज्ञान पुस्तकांत नसतें, मनगटांत आणि मानेंत असतें. कल्पकता ही कांहीं आकाशांतून उतरणारी देणगी नव्हे. रोजच्या कामांतील अडचण ज्याला बोचते आणि ती दूर करून पाहण्याची मोकळीक ज्याला असते, त्याच्याच हातून सुधारणा घडते. यांपैकीं अडचण सर्वत्र आहे. मोकळीक मात्र क्वचित् आढळते.

ती मोकळीक मिळाली म्हणजे काय होतें, याचें उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांना चित्रकलेची आवड होती. परंतु रंगांची पारख नीट होत नाहीं, असें आढळून आल्यावर तो मार्ग त्यांना सोडावा लागला. यांत्रिक आकृति काढण्याची विद्या शिकून ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक झाले. तेथें बढतीच्या वेळीं ते डावलले गेले, तेव्हां त्यांनीं नोकरी सोडली आणि बेळगांवीं बंधु रामूअण्णा यांच्यासह सुरू केलेल्या सायकलींच्या दुकानांत लक्ष घातलें. त्याच उद्योगांतून पुढें कडबा कापण्याचें यंत्र व लोखंडी नांगर हीं निघालीं. लोखंडानें जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळें पहिले नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं! १९१० सालीं औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर जागा दिली. निवडुंगानें भरलेल्या आणि सापांनीं गजबजलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

तेथें जमलेलीं माणसें पाहण्यासारखीं होतीं. शाळा अर्ध्यावर सुटलेले अनंतराव फळणीकर या कारखान्यांत कल्पक यंत्रज्ञ म्हणून नांवारूपास आले. रात्रीच्या पहाऱ्यावर शिक्षा भोगून सुटलेले लोक नेमलेले होते. माणसाचा मागचा दाखला न पाहतां त्याच्या पुढच्या कामावर भरंवसा ठेवणें, ही लक्ष्मणरावांची रीत होती. ज्याच्यावर भरंवसा टाकला, तो मनांतील कल्पना बोलून दाखवावयास कचरत नाहीं.

नांगर ओतणाऱ्या कारखान्यांत प्रयोगाला आणखी एक सवलत असते. लाकडी नमुन्यावरून वाळूचा सांचा करावयाचा आणि त्यांत लोखंडाचा रस ओतावयाचा. भाग फसला, तर वाळूचा पुन्हां सांचा करतां येतो व फसलेलें लोखंड पुन्हां भट्टींत जातें. गेले ते कोळसा आणि श्रम. लोखंड जात नाहीं. चूक अशी स्वस्त असली, म्हणजे माणूस धीट होतो. उलट, ज्या कचेरींत लहानशा चुकीसाठीं लेखी खुलासा मागतात, तेथें कारकून जन्मभर जुन्याच मसुद्यावरून पत्रें लिहीत बसतो. त्यांत त्याचा दोष थोडा. चूक महाग करणाऱ्या व्यवस्थेचा अधिक.

भरंवसा आणि स्वस्त चूक यांना तिसऱ्या गोष्टीची जोड लागते. ती म्हणजे ऐकणारा कान. स्कॉटलंडमधील डंबार्टन येथें विल्यम डेनी यांच्या जहाजांच्या कारखान्यानें १८८० सालीं कामगारांच्या सूचनांना बक्षिसें देण्याची पद्धति सुरू केली. जपानांतील टोयोटा कारखान्यानें १९५१ सालीं अशीच योजना अंगीकारली. पण भिंतीवर पेटी टांगली म्हणजे कान उघडला, असें नव्हे. प्रत्येक सूचनेला उत्तर मिळालें पाहिजे. पसंत पडली तर ती सुचविणाऱ्याच्या नांवानें ओळखली गेली पाहिजे. आणि सुधारणेमुळें आपलीच मजुरी कापली जाणार नाहीं, अशी खात्री पाहिजे. ती खात्री नसेल, तर शहाणा कामगार आपली युक्ति पोटांतच ठेवतो.

या कसोट्या ऊसाच्या फडास लावून पाहाव्या. तोडणीची मजुरी टनावर; आणि उचल तर आधींच घेतलेली. एखाद्या जोडीनें कोयत्याची मूठ बदलून किंवा मोळीची बांधणी बदलून एक दिवस पाहावयाचें ठरविलें आणि तो प्रयोग फसला, तर त्या दिवसाचा टन बुडाला व अंगावरची बाकी तेवढी राहिली. ओतशाळेंत फसलेलें लोखंड भट्टींत परत जातें. फडांत फसलेला दिवस परत येत नाहीं. म्हणून तेथें बुद्धि नाहीं असें नव्हे, ती खर्चण्याची ऐपत नाहीं.

आतां फडांत तोडणीचीं यंत्रेंहि येऊं लागलीं आहेत. तरीहि एक गोष्ट करणें कोणत्याहि कारखान्यास अवघड नाहीं. हंगामाच्या अखेरीस केवळ मुकादमाला न विचारतां, ऊस छाटणाऱ्या पुरुषाला आणि मोळी वाहणाऱ्या बाईला विचारावें, कीं सर्वांत अधिक कष्ट कोठें पडतात आणि त्यावर तुम्हांला काय सुचतें? आणि जें सुचेल, तें करून पाहण्याच्या दिवसाची मजुरी कारखान्यानें भरावी. त्या दिवसापासून कोयता हें हत्याराचें नांव राहील, आणि माणूस आपल्या नांवानें ओळखला जाऊं लागेल.