जुन्या बंगल्याचे नूतनीकरण : दर्शनी भागाआधी भिंतींचा विचार

पुण्यातील एरंडवणे, सहकारनगर यांसारख्या, एकेकाळी शहराच्या कडेला असलेल्या उपनगरांत काही दशकांपूर्वी उभे राहिलेले अनेक बंगले भारवाही पद्धतीचे आहेत, म्हणजे त्यांचा स्लॅब खांब आणि तुळयांच्या सांगाड्याऐवजी थेट विटांच्या भिंतींवर टेकलेला असतो. नूतनीकरण करताना दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांमधील भिंत पाडून एकच प्रशस्त दालन करण्याकडे आज कल दिसतो. परंतु नऊ इंची, म्हणजे सुमारे २३० मिलिमीटर जाडीची भिंत बहुधा छताचा भार वाहत असते आणि साडेचार इंची भिंतही केवळ आडोशाची आहे, असे पाहताक्षणी गृहीत धरता येत नाही. म्हणून संरचना अभियंत्याकडून तपासणी करून, पालिकेची आवश्यक ती परवानगी घेऊन, आधी स्लॅबला टेकू द्यावे लागतात आणि नंतर लोखंडी किंवा काँक्रीटची तुळई बसवून भिंतीचा भार तिच्यावर घ्यावा लागतो.

बाहेरच्या बाजूस हीच शिस्त लागू पडते. हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये हळूहळू मुरतो तेव्हा सळईला गंजापासून वाचवणारा त्याचा क्षारधर्म कमी होतो. या क्रियेला कार्बोनेशन म्हणतात. त्यात पावसाची ओल मिळाली की सळई गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापत असल्याने छज्जे व गच्चीखालील काँक्रीटचे पोपडे सुटतात. अशा भागावर नवा रंग किंवा दगडी आवरण चढवल्यास दोष केवळ झाकला जातो. सैल काँक्रीट काढून, सळई साफ करून आणि गच्चीचा पाण्याचा उतार सुधारूनच पुढे जाणे हिताचे ठरते.

दर्शनी भागाला आधुनिक रूप देण्यासाठी छज्जे तोडून सपाट काचेची भिंत करणे मात्र या हवामानाला मानवत नाही. पुण्यात डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य दक्षिणेकडे सुमारे ४८ अंश उंचीवर असतो, तर मे महिन्यात जवळजवळ डोक्यावर येतो. त्यामुळे दक्षिणेचा आडवा छज्जा उन्हाळ्यातील ऊन अडवून हिवाळ्यातील ऊन आत येऊ देतो. पश्चिमेला दुपारनंतरचे तिरपे ऊन त्याच्या खालून शिरते, म्हणून तेथे उभ्या पट्ट्या, जाळी किंवा झाड उपयोगी पडते. समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या ठेवल्यास वारा आरपार वाहतो आणि मोकळे केलेले दालन खरोखर राहण्यायोग्य होते.

भार, पाणी आणि ऊन यांचा हिशेब आधी मांडून नंतर रंग, फरशी व सजावट यांवर खर्च केला, तरच नवे रूप जुन्या घराचे आयुष्य वाढवते.