पुरातून वर आलेली गाडी

स्कॅनरच्या पडद्यावर चार ओळी उमटतात. पी-०१०८, पी-०११३, पी-०११८, पी-०१२३. मिस्त्री चष्मा कपाळावर सरकवतात, पडदा हातभर लांब धरतात आणि चारही आकडे मोठ्यानं वाचतात. मग स्कॅनर टूलबॉक्सवर ठेवून गाडीच्या मालकाला विचारतात, "शेवटचे आकडे बघितलास?"

"आठ, तीन, आठ, तीन," तो म्हणतो.

"मग झालं की."

त्याला काहीच झालेलं दिसत नाही. मलाही दिसत नाही. सीट काढलेली, टाकी उतरवून गोणपाटावर ठेवलेली, आणि मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा जळतोच आहे.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या या गॅरेजच्या पत्र्यावर आषाढाचा पाऊस वाजतोय. पलीकडच्या शेडमध्ये लेथ चालू आहे, त्यामुळे बोलायचं तर आवाज चढवूनच बोलावं लागतं. मालक शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीतला. त्याच्या नखांत शाडू आहे आणि त्याचं अर्धं लक्ष घरी वाळत ठेवलेल्या गणपतींकडे आहे. गाडी २०२० सालची, बीएस-६ नियम लागू झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षातली. जुलै २०२१ च्या पुरात ती बुडाली. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोका पातळी ४३ फुटांची. त्या वेळी पाणी तिच्याही बरंच वर गेलं होतं. घरच्यांनी आधी मूर्ती माळ्यावर चढवल्या. गाडी खालीच राहिली.

नंतर ती कित्येक वर्षं प्लास्टिकखाली पडून होती. यंदा त्यानं ती मनावर घेतली. इंजिन खोललं, बेअरिंग बदलली, रिंगा टाकल्या, चेसिसला पावडर कोटिंग करून घेतलं. वायरिंग मात्र जुनंच ठेवलं, कारण नव्या हार्नेसची किंमत ऐकून तो गप्प झाला. प्रत्येक कपलर उघडून, ब्रशनं घासून, क्लीनर मारून बसवला. गाडी सुरू होते, पण आयडलिंगला धापा टाकते, ॲक्सिलरेटर दिला की मान टाकते. एका ठिकाणी त्याला सांगितलं गेलं, थ्रॉटल सेन्सर गेलाय. त्यानं नवा आणून बसवला. दिवा तसाच राहिला.

"सेन्सर गेलाय असं कोड सांगतच न्हाई," मिस्त्री म्हणतात. "त्यो एवढंच सांगतो की ह्या वाटेवरनं येणारा आकडा मला पटत न्हाई."

या वाक्यापाशी मी थांबतो, कारण गावोगावच्या गॅरेजांमध्ये लोकांचा पैसा नेमका इथंच वाया जातो. कोडला एक रचना आहे. पी म्हणजे इंजिन आणि गिअरची बाजू. पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांनी मान्य केलेला सामायिक कोड. तिथं एक असता तर तो कंपनीचा स्वतःचा असता. त्यानंतरचा एक म्हणजे हवा आणि इंधन मोजणारी यंत्रणा. राहिलेले दोन आकडे सर्किट सांगतात आणि तक्रारीची जात सांगतात. ०१०८ मॅनिफोल्डमधल्या दाबाचा, ०११३ आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा, ०११८ इंजिनाच्या तापमानाचा, ०१२३ थ्रॉटल किती उघडलाय त्याचा. या चारही गटांत शेवटी दोन किंवा सात आला तर व्होल्टेज हवं त्यापेक्षा खाली. तीन किंवा आठ आला तर वर. म्हणजे चारही सेन्सर एकच तक्रार करताहेत: हाय, हाय, हाय, हाय.

मिस्त्री मालकाकडे वळतात. "गल्लीतल्या चार घरची लाईट एकदम गेली, तर चार बल्ब आणाय जातोस काय?"

"खांबाकडं बघतो."

"मग हितंबी खांबच बघायचा."

पण खांबाकडे जाण्याआधी ते बॅटरीकडे जातात. पुन्हा उभ्या केलेल्या गाडीत पहिला संशय अर्थिंगवर घ्यायचा, हा त्यांचा नेम. मल्टिमीटरचा काळा प्रोब बॅटरीच्या मायनसवर, लाल प्रोब इंजिनाच्या उघड्या ॲल्युमिनियमवर. "मार सेल्फ." हाताखालचा पोरगा, बारक्या, बटण दाबतो. ०.९ व्होल्ट. इथं शून्याच्या जवळचं काहीतरी यायला हवं. दोन दशांशसुद्धा पुष्कळ झाले. मीटर ओहमवर ठेवून हीच जागा तपासली असती तर ठीकच वाटली असती, कारण ओहम मोजताना मीटर नखाएवढाच करंट सोडतो. स्टार्टर खेचू लागतो तेव्हा अर्थिंगची खरी परीक्षा होते. बारक्या वाकून बोल्ट काढतो. अर्थच्या वायरीची चकती थेट पावडर कोटिंगवर बसवलेली आहे. काळा, गुळगुळीत, सुरेख थर, आणि त्यातून वीज जाणार कशी? करंट कसाबसा बोल्टच्या आट्यांतून वाट काढत होता. पॉलिश पेपरनं चकतीएवढी जागा घासून लोखंड उघडं केलं जातं, बोल्ट आवळला जातो, वरून ग्रीसचा हात फिरतो. पुन्हा सेल्फ. ०.०८.

मालकाचा चेहरा उजळतो. मिस्त्री कोड पुसतात, चावी बंद करून पुन्हा चालू करतात. चारही ओळी लगेच परत येतात.

"हे काम करायचंच होतं," ते शांतपणे म्हणतात. "पन आपला चोर हा न्हवं."

आता ते स्कॅनरवर चालू आकडे लावतात. इंजिनाचं तापमान उणे ४०. आत येणाऱ्या हवेचं तापमान उणे ४०. बाहेर पाऊस असला तरी कोल्हापूर आहे हे. त्या सेन्सरची जात अशी की थंडीत त्याचा रोध वाढतो आणि उष्णतेत घटतो. वायर तुटली की रोध अनंत, आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतं, जगातली सगळी थंडी इथंच उतरलीय. इंजिन बंद असताना मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेइतकाच असायला हवा. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवरच्या या शहरात ९५ किलोपास्कलच्या आसपास. पडद्यावरचा आकडा त्याच्या फार पुढं जाऊन बसलाय. तरीही गाडी सुरू होते याचं कारण ईसीयूची सावधगिरी: सेन्सरवरचा विश्वास उडाला की तो मनाशी ठरवलेले ठोकळ आकडे घेऊन कसंबसं इंजिन चालवतो. धापा त्याच्याच.

चारही सेन्सरना सामायिक असं काय आहे? पाच व्होल्टची वायर फक्त दाबाच्या आणि थ्रॉटलच्या सेन्सरला जाते, तापमानाच्या दोघांना नाही; शिवाय ती जमिनीला टेकली असती तर दाबाचा आणि थ्रॉटलचा कोड सात आणि दोनवर संपला असता. उरते सेन्सरची अर्थ वायर. ती चेसिसला कुठंच जोडलेली नसते, थेट ईसीयूत परत जाते. मिस्त्री हे बोलून दाखवत नाहीत. बोट हवेत फिरवून चार वाटा एकत्र आणतात, एवढंच.

थ्रॉटल बॉडीचा कपलर सुटतो. बारक्या सवयीनं बल्बचा टेस्टर पुढं करतो आणि त्याच्या हातावर चापट बसते. हेडलाइटच्या वायरीला तो चालतो. ईसीयूच्या नाजूक वायरीत बल्बाएवढा करंट ओढायला गेलं तर भलतंच महागात पडेल. मीटरच हवा. लाल प्रोब पाच व्होल्टच्या पिनेवर, काळा बॅटरीच्या मायनसवर: ४.९८. ही बाजू चोख. आता लाल प्रोब सेन्सरच्या अर्थच्या पिनेवर. जिथं शून्य दिसायला हवं तिथं चारच्या वरचा आकडा येतो. अर्थ हरवलीय आणि ती वायर अधांतरी आहे.

ईसीयूच्या टोकाला तीच वायर, हिरव्यावर काळी रेघ असलेली, ते कपलरच्या मागच्या बाजूनं शिवणाची सुई सरकवून तपासतात. शून्य. ईसीयू निर्दोष. इन्शुलेशनमध्ये टाचणी खुपसून झटकन बघता आलं असतं, कितीतरी जण तसंच बघतात, पण त्या भोकातून पाणी शिरतं आणि पुढच्या पावसाळ्यात तिथंच नवा रोग धरतो. ते मागूनच जातात. त्याला दुप्पट वेळ लागतो.

म्हणजे खोट ईसीयू आणि थ्रॉटल बॉडी यांच्यामध्ये, टाकीखालून जाणाऱ्या जाड गुंडाळलेल्या दोरात. मिस्त्री स्कॅनर मालकाच्या हातात देतात. "तापमानावरनं नजर हलवू नको. बदललं की ओरड." कपलर परत बसतो. चावी चालू. ते दोन्ही हातांनी हार्नेस धरून वीतभर वीतभर वाकवत पुढे सरकतात. पलीकडचा लेथ थांबलाय आणि पत्र्यावर फक्त पाऊस आहे.

"उणे चाळीस. उणे चाळीस. चाळीस. मामा, सव्वीस! गेलं. परत चाळीस."

हात तिथंच थांबतात. ब्लेडनं टेप चिरली जाते. आत एक जॉइंट आहे: एका बाजूनं एक वायर येते, दुसऱ्या बाजूनं फाटे निघतात, मध्ये पितळेची पट्टी दाबलेली. कारखान्यात घातलेला जॉइंट. तो बाहेरून दिसत नाही, त्यामुळे गाडी खोलताना प्रत्येक कपलर घासणाऱ्यालाही तो ठाऊक नसतो. पट्टीभोवती हिरवी भुकटी. ईसीयूकडून येणारी वायर बोटानं उचलताच सुटून हातात येते. पुराचं गढूळ पाणी टेपमधून जॉइंटमध्ये शिरलं आणि तिथून तांब्याच्या तारांमधल्या फटींतून इन्शुलेशनच्या आत ओढलं गेलं. वरून प्लास्टिक नवंकोरं, आतून तांबं खाल्लेलं.

मालक त्या भुकटीकडे बराच वेळ बघतो. "पाणी उतरल्यावर उन्हात ठेवलेली की मी."

"उनानं वरचं वाळतं."

मिस्त्री वायर सोलत मागं जातात. काळं तांबं, अजून काळं, आणि मग एकदाचं लालसर चमकतं. तिथून पुढं तितक्याच जाडीची नवी वायर. डाग देत नाहीत. डागामुळं वायर ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीनं डागाच्या कडेलाच तुटते, असं त्यांचं मत. दाबायच्या पट्टीनं पक्का सांधा, वरून आतून गोंद असलेली स्लीव्ह, आणि हॉट-गननं ती आक्रसून घट्ट. मग ते शेजारचे दोन जॉइंटही उघडतात. त्यांच्याबद्दल एकही कोड नाही. एक बरा आहे, दुसऱ्याच्या कडेला हिरवा रंग चढू लागलाय.

"ह्याला काय झालेलं न्हाई ना?" मालक घड्याळ बघत विचारतो.

"अजून न्हाई."

कोड पुसले जातात. चावी. चार ओळींच्या जागी रिकामा पडदा. हवा २६ अंश, इंजिन २७, दाब ९५. पिवळा दिवा क्षणभर लागतो, इंजिन सुरू होताच विझतो. आयडलिंगचा ठोका सरळ पडतो.

पैशांचं बोलणं निघतं तेव्हा मला राहवत नाही. लागलेल्या सामानाची किंमत चहापाण्याएवढी: वीतभर वायर, पट्ट्या, स्लीव्ह, टेप. मजुरीचा आकडा ऐकून मालक जरा चमकतो, "वायरच जोडली की मामा," असं त्याच्या तोंडून जातंच. या पोराचा दोष नाही. आपण सगळे सुट्या भागाला पैसे द्यायला शिकलोय. डब्यातून नवी वस्तू निघाली की रक्कम पटते. शोधण्याला काही द्यायचं असतं हे पटत नाही. म्हणून तर मेकॅनिकला सेन्सर बदलणं परवडतं आणि विचार करणं परवडत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. हा माणूस उत्तम कारागीर आहे, आणि त्याच्या कामाचा सर्वांत कठीण भाग बिलात लिहायला ओळच नाही. नको असलेल्या त्या नव्या सेन्सरपेक्षा ही मजुरी कमी आहे, असं मी मालकाला सांगतो. तो मान हलवतो आणि नोटा मोजतो.

पावसाची सर जरा ओसरते, तशी गाडी रस्त्यावर जाते. राजारामपुरीकडून फेरी मारून तो परत येतो तो हसतच. "उचलतीया!" मिस्त्री इंजिन चालू ठेवूनच पुन्हा स्कॅनर लावतात. कायमचा कोड एकही नाही. पण पक्का न झालेल्यांच्या यादीत एक ओळ थांबलीय: पी-०१३१. ऑक्सिजन सेन्सर, लो. आधी चार सेन्सर बंद होते तेव्हा ईसीयूनं याचं म्हणणं ऐकूनच घेतलं नव्हतं. आता ऐकू लागलाय.

मालकाचं हसू मावळतं. "ह्यो सेन्सर आणू काय?"

"कशाला?" मिस्त्री फडकं हाताला गुंडाळून सायलेन्सर जिथं सिलेंडर हेडला जुळतो तिथं जवळ धरतात. फडक्याचं टोक ठोक्याठोक्याला थरथरतं. इंजिन जोडताना तिथली गॅस्केट नीट बसलेली नाही. फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला खोटाच जादा ऑक्सिजन दिसतो.

"बंद कर," ते म्हणतात. "थंड होऊ दे. बारक्या, दहाचा पाना आन."