बंदी, निर्बंध, स्थानबद्धता – लेखांक ४ : मारझूकचे बावीस महिने

परवा वडगावच्या दुय्यम निबंधक कार्यालयात एका खरेदीखताला साक्षीदार म्हणून गेलो होतो. नाणे मावळातल्या जमिनीचा व्यवहार होता. विकणाऱ्या आजोबांचा अंगठा यंत्रावर काही केल्या उमटेना. भाताच्या खाचरात उभा जन्म गेलेला, रेषा पार झिजलेल्या. कारकुनाने अंगठा तीनदा पुसायला लावला, चौथ्यांदा ठसा आला, फोटो निघाला, दस्त पुढे सरकला. माणसाचं नाव आणि माणूस एकच आहेत, एवढं सिद्ध करायला इतकी खटपट!

घरी परतताना लोकलमध्ये मनात या लेखमालेचाच विषय घोळत होता. मागच्या लेखात आपण संघटनांवरची बंदी पाहिली. या आठवड्यात एका माणसाची गोष्ट पाहू. सरकारने त्याचं नाव यादीत घातलं आणि त्याला कोठडीतही ठेवलं.

मूसा अबू मारझूक १९५१ मध्ये गाझापट्टीतल्या रफाहला जन्मला. उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत गेला, तिथे कायम वास्तव्याचा परवाना मिळवला आणि पुढे हमासच्या राजकीय विभागाचा प्रमुख झाला. १९९३ च्या ऑस्लो करारानंतर इस्रायल आणि पॅलेस्टिनींमध्ये शांततेची बोलणी चालू होती आणि त्याच काळात इस्रायली शहरांत हमासचे आत्मघाती हल्लेखोर बसगाड्या उडवत होते. २३ जानेवारी १९९५ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी आदेश काढून शांतताप्रक्रिया उधळू पाहणाऱ्या १२ संघटनांची अमेरिकेतली मालमत्ता गोठवली. त्यात हमास होती आणि काख व काहाने खाय या दोन ज्यू अतिरेकी संघटनाही होत्या.

त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस मारझूक कुटुंबासह न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरला. पहाऱ्याच्या यादीत नाव असल्याने त्याला तिथेच अडवण्यात आलं. ऑगस्टमध्ये निर्बंधांच्या यादीतही त्याचं स्वतःचं नाव आलं. हल्ल्यांना पैसा आणि दिशा दिल्याचा आरोप ठेवून इस्रायलने त्याचा ताबा मागितला. मॅनहॅटनच्या तुरुंगात तो बसून राहिला. मे १९९६ मध्ये न्यायाधीशांनी प्रत्यार्पणाला हिरवा कंदील दाखवला. १९९७ च्या सुरुवातीला मारझूकने अपील सोडलं आणि इस्रायलला जायची तयारी दाखवली. तेव्हा इस्रायलनेच पाय मागे घेतला, कारण त्याला आणून खटला चालवला तर सूड म्हणून नवे हल्ले होतील ही धास्ती. एप्रिलमध्ये मागणी मागे घेतली गेली. अमेरिकेतला परवाना सोडून मे महिन्यात तो जॉर्डनला रवाना झाला. बावीस महिने कोठडी झाली, पण हल्ल्यांबद्दलचा खटला एक दिवसही चालला नाही. त्या बसगाड्यांत ज्यांची माणसं गेली, त्यांच्यापुढे ना साक्ष झाली ना निकाल.

इथे तीन गोष्टी वेगळ्या करून पाहायला हव्यात. निर्बंध हे सरकारी फर्मान असतं. त्यासाठी गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही, सबळ संशय पुरतो. स्थानबद्धतेत माणसाला अडकवून ठेवलं जातं, कधी प्रत्यार्पणासाठी, कधी नुसत्या सावधगिरीपोटी. शिक्षा मात्र न्यायालयच देतं, पुरावा तपासून आणि आरोपीचं म्हणणं ऐकून. मारझूकच्या वाट्याला पहिल्या दोन गोष्टी आल्या, तिसरी आलीच नाही.

तिसरी गोष्ट कशी असते, हे दाखवणारं प्रकरण मुंबईशी जोडलेलं आहे. ५ सप्टेंबर १९८६ च्या पहाटे मुंबईहून निघालेलं पॅन ॲमचं विमान कराचीत थांबलं असताना अबू निदाल या पॅलेस्टिनी संघटनेच्या चौघांनी ते ताब्यात घेतलं. विमानातली हवाई सेविका नीरजा भनोत हिने इशारा दिला म्हणून वैमानिक निसटले आणि विमान जागेवरच राहिलं. तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी प्रवाशांचे पासपोर्ट लपवले. रात्री दिवे गेले, अंधारात गोळीबार सुरू झाला, तेव्हा दार उघडून ती प्रवाशांना बाहेर काढत राहिली. तेविसावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना ती गेली. टोळीचा म्होरक्या झैद सफारिनी पाकिस्तानी तुरुंगातून सुटला, तेव्हा २००१ मध्ये अमेरिकेने त्याला पकडलं. त्याने गुन्हा कबूल केला आणि २००४ मध्ये न्यायालयाने त्याला १६० वर्षांची शिक्षा दिली. अठरा वर्षं लागली, पण निकाल लागला. भरल्या न्यायालयात गुन्ह्याला गुन्हा म्हटलं गेलं. हे समाधान कोणतीही यादी देऊ शकत नाही.

मग यादी हवीच कशाला? कारण पैसा न्यायालयाची वाट पाहत नाही, एका दिवसात तो तीन देश ओलांडतो. २६/११ च्या हल्ल्यानंतर आपल्या संसदेने बेकायदा कृत्य प्रतिबंधक कायद्यात, म्हणजे ‘यूएपीए’त, ५१-अ हे कलम घातलं ते यासाठीच. २०१९ च्या दुरुस्तीने व्यक्तीलाही दहशतवादी घोषित करता येऊ लागलं. त्याच सप्टेंबरात पहिली चार नावं आली : मसूद अझहर, हाफिज सईद, झकी-उर-रहमान लखवी आणि दाऊद इब्राहिम. ५१-अ कलमाची अंमलबजावणी बँकांपुरती नाही. यादी जमिनीची नोंदणी करणाऱ्या निबंधकांपर्यंत जाते. नाव जुळलं तर २४ तासांत वर कळवायचं आणि गोठवण्याचा हुकूम मालकाला आधी नोटीस न देता काढायचा, अशी रीत आहे. जमिनीच्या व्यवहारांवर चालणाऱ्या आपल्या मावळाला याचं गांभीर्य वेगळं सांगायला नको.

रत्नागिरीच्या खेड तालुक्यातल्या मुंबके गावी दाऊदच्या कुटुंबाची जमीन सरकारने तस्करांच्या मालमत्तेसाठीच्या १९७६ च्या कायद्याखाली जप्त केली. जानेवारी २०२४ च्या लिलावात तिथल्या १५,४४० रुपये राखीव किमतीच्या तुकड्यावरची बोली २ कोटी १ लाखापर्यंत चढली. माणूस हाताला लागत नसला तरी त्याच्या मातीला हात घालता येतो, हे त्या लिलावाने गावाला दाखवलं.

पण जे हत्यार इतक्या झटपट चालतं, ते चुकूनही तितक्याच झटपट चालतं. शिकागोजवळ राहणारा मुहम्मद सलाह हा अमेरिकी नागरिक १९९५ मध्येच हमासशी संबंधावरून यादीत आला. भाकरीपासून औषधापर्यंत काहीही घ्यायचं तर सरकारी परवानगी लागू लागली. २००७ मध्ये ज्युरीने हमासला मदत करण्याच्या कटातून त्याला निर्दोष ठरवलं, मात्र एका दिवाणी दाव्यात खोटी उत्तरं दिल्याबद्दल दोषी धरलं. नाव यादीत राहिलं ते राहिलंच. २०१२ मध्ये त्याने सरकारवर दावा लावला, तेव्हा नोव्हेंबरात ते निघालं. सतरा वर्षं!

आपल्याला हा जाच नवा नाही. २२ जून १८९७ च्या रात्री चिंचवडच्या चापेकर बंधूंनी पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. पुढच्याच महिन्यात सरकारने सरदार नातू बंधूंना १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली पकडलं. आरोपपत्र नाही, खटला नाही, वर मालमत्तेवर जप्ती. सुमारे दोन वर्षांनी ते सुटले. कोठडी आणि जप्ती ही जोडी या मातीने सव्वाशे वर्षांपूर्वीच सोसली आहे. नातूंना मारझूकच्या पंगतीला बसवण्याचा माझा हेतू नाही. सरकारच्या हातातलं हत्यार तेच आहे, आणि ते कोणावर चालेल हे सत्तेवर कोण आहे यावर ठरतं, एवढंच मला दाखवायचं आहे.

म्हणून मला वाटतं, यादी असावी, पण तिला दार असावं. आपल्या कायद्यात नाव काढण्यासाठी केंद्र सरकारकडे अर्ज करता येतो, तो फेटाळला गेला तर उच्च न्यायालयाच्या आजी किंवा माजी न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे जाता येतं. नामसाधर्म्याने भरडल्या गेलेल्या माणसालाही दाद मागता येते. हे दार खरोखर उघडतं का आणि किती दिवसांत, हे विचारत राहणं आपलं काम आहे. ते विचारल्याने नीरजाच्या मारेकऱ्यांना सूट मिळत नाही, उलट खऱ्या गुन्हेगारावरची कारवाई निर्विवाद होते.

वडगावच्या त्या कारकुनाने आजोबांचा अंगठा चार वेळा घेतला. रांग खोळंबली, लोक कुरकुरले, पण त्याने अंदाजावर काम भागवलं नाही. एका एकराच्या व्यवहाराला जी काळजी, ती माणसाचं सगळं आयुष्य गोठवणाऱ्या हुकमाला निदान तेवढी तरी हवी.

पुढच्या आठवड्यात : संयुक्त राष्ट्रांची यादी कशी बनते आणि एका देशाच्या नकाराने ती वर्षानुवर्षं कशी अडते.