थंडीतही तापणारा समुद्र
(दाराशी समुद्र : भाग ६)

एप्रिलमध्ये सांताक्रूझ वेधशाळेचा पारा चाळिशीकडे सरकला की त्याची बातमी होते. बोरीवलीहून गोराईची खाडी ओलांडली, गाव मागे टाकलं की समोर अरबी समुद्र. त्याचं पाणी नेहमीपेक्षा अंश-दीड अंशाने चढलं, तर ते इकडे कुणाच्या कानावरही येत नाही. मागच्या भागात भरती-ओहोटी पाहिली. आज समुद्राच्या तापाबद्दल.

समुद्रातली उष्णतेची लाट कशाला म्हणायचं, याची सध्या रूढ असलेली व्याख्या २०१६मध्ये ॲलिस्टर हॉबडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. एखाद्या जागेच्या पाण्याचा साधारण ३० वर्षांचा हिशेब घ्यायचा. वर्षाच्या त्या दिवसांत तिथे नोंदलेल्या तापमानांपैकी वरच्या १० टक्क्यांत पाणी सलग ५ दिवस किंवा जास्त राहिलं, की ती लाट. मुंबईसमोरचं पाणी मे महिन्यात ३० अंशांच्या आसपास असतं, जानेवारी-फेब्रुवारीत २५च्या आसपास. म्हणजे फेब्रुवारीत पायाला गार लागणारं पाणीही लाटेत असू शकतं. माणूस पाणी स्वतःच्या अंगावरून जोखतो. मासा त्या ऋतूच्या सवयीवरून. म्हणून थंडीतली लाट मला जास्त काळजीची वाटते. तिची दखलच कुणी घेत नाही.

अरबी समुद्र इतका का तापतो? उत्तरेला, पूर्वेला आणि पश्चिमेला जमीन. अटलांटिकमध्ये उष्ण पाणी थेट ध्रुवाकडे निघून जातं. इथे ती वाट बंद आहे. भूमध्य समुद्रासारख्या जवळजवळ कोंडलेल्या समुद्रांचीही हीच अडचण, २००३च्या उन्हाळ्यात तो असाच तापला होता. आपल्याकडे सुटका करतो तो पाऊस. जूनपासून जोराचं वारं पाणी घुसळतं, ढग ऊन अडवतात, बाष्पीभवनात उष्णता निघून जाते. पावसाळा सरला की ऑक्टोबरात पाणी पुन्हा चढतं.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२मध्ये १९८२ ते २०१८चा हिशेब मांडला. पश्चिम हिंदी महासागरात अशा लाटा दर दशकाला सुमारे दीडने वाढत गेल्या. त्याच अभ्यासात या लाटांचा संबंध मध्य भारतातल्या पावसाच्या तुटीशी लागला. समुद्राचा ताप विदर्भातल्या शेतकऱ्यापर्यंत पोचू शकतो तो असा. चक्रीवादळांनाही हीच ऊब लागते; ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, ते तापलेल्या पाण्यावरूनच आलं होतं.

आता मासळी. खोल समुद्रात वरचं पाणी तापून हलकं झालं की ते खालच्या गार पाण्यावर तेलासारखं तरंगत राहतं. खालचं खाद्य वर येत नाही, वरचा प्राणवायू खाली जात नाही. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात भरती-ओहोटी सगळं ढवळते, त्यामुळे थर फारसे टिकत नाहीत; पण मग ताप तळापर्यंत उतरतो.

गोराई, मनोरी, उत्तनच्या कोळ्यांची डोल इथे आठवावी. समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं लांब जाळं, तोंड ओढीच्या समोर. ओढ जे आणेल ते आत : बोंबील, जवळा, मांदेली. ट्रॉलर माशामागे जाऊ शकतो, डोल जात नाही. मासा खोल किंवा उत्तरेला सरकला, की पहिली झळ या स्थिर जाळ्याला आणि मासळी सुकवून विकणाऱ्या बायकांना बसणार. मासेमारीच्या धोरणात या जाळ्याचा वेगळा विचार व्हायलाच हवा.

उपग्रह पाण्याचं तापमान मोजतात, पण फक्त वरच्या पातळ थराचं. नेहमी वापरल्या जाणाऱ्या नकाशांत एक चौकट साधारण २५ किलोमीटरची असते. गोराईची खाडी त्यात हरवते. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मासळी कुठे मिळेल याचे अंदाज उपग्रहांच्या आधारे कोळ्यांना देते. त्याच्या उलट दिशेने, रोज समुद्रात जाणाऱ्या होड्यांवर साधे तापमापक बसवून त्यांच्या नोंदी संस्थेकडे जाव्यात. किनाऱ्यालगतच्या पाण्याचा रोजचा हिशेब मिळवायला यापेक्षा स्वस्त उपाय मला दिसत नाही.

(पुढील भागात : अरबी समुद्रातला प्राणवायू)