मतपेटीतलं रामराज्य

वाराणसीसमोर, गंगेच्या पूर्व तीरावरचं रामनगर दरवर्षी महिनाभर अयोध्या होतं, जनकपूर होतं, लंकाही होतं. काशीनरेशांच्या आश्रयाने चालणाऱ्या तिथल्या रामलीलेला माइक नसतो, विजेचे दिवे नसतात. पेट्रोमॅक्सच्या उजेडात 'चुप रहो, सावधान!' अशी हाक उठते आणि हजारोंचा जमाव गप्प होतो.

काशीतल्याच स्वामी करपात्रींनी लीलेतलं हे रामराज्य निवडणुकीतून आणायचं ठरवलं. 1948 साली त्यांनी रामराज्य परिषद स्थापन केली. हिंदू कोड बिलाला, म्हणजे डॉ. आंबेडकर ज्यासाठी झगडत होते त्या स्त्रियांच्या वारसाहक्काला आणि घटस्फोटाला, त्यांचा कडवा विरोध होता. 1951 मध्ये ते बिल रखडलं आणि बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं.

पहिल्या लोकसभेत परिषदेचे 3 खासदार होते, जनसंघाचेही तेवढेच. राजस्थान विधानसभेत 160 पैकी 24 जागा जिंकून ती काँग्रेसखालोखाल मोठा पक्ष ठरली. तिथे धर्माइतकंच जमिनीनेही काम केलं. जहागिऱ्या जाणार म्हणून हादरलेल्या जहागीरदारांना काँग्रेसविरोधी झेंडा हवाच होता. पण अशी उसनी ताकद किती काळ पुरणार? 1957 मध्ये लोकसभेत भोपळा, 1962 मध्ये 2 जागा. एव्हाना राजेरजवाड्यांना 1959 साली निघालेला स्वतंत्र पक्ष सापडला होता. जनसंघामागे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या शाखा होत्या, गल्लीबोळात कार्यकर्ते होते. परिषदेकडे होते साधू, प्रवचनं आणि बड्यांचा आश्रय. 1966 च्या गोरक्षा आंदोलनात करपात्री आघाडीवर होते, पण त्या गर्दीची मतं या पक्षाच्या पेटीत पडली नाहीत. सत्तरच्या दशकात पक्ष दिसेनासा झाला.

मला याहून खोल कारण वेगळं वाटतं. दलितांना काशी विश्वनाथ मंदिर खुलं झालं, तेव्हा करपात्रींनी ते मंदिर भ्रष्ट ठरवलं आणि मीर घाटावर वेगळं विश्वनाथ मंदिर उभारलं. ज्यांना गाभाऱ्यात येऊ द्यायचं नाही, त्यांच्याच मतांवर राज्य करायचं, हे प्रौढ मतदानाच्या देशात जमण्यासारखं नव्हतं आणि जमलं नाही हे बरंच झालं.

करपात्रींनी विरोध केलेलं हिंदू कोड बिलही शेवटी 1955-56 मध्ये चार कायद्यांच्या रूपाने मंजूर झालं. त्यातल्या वारसा कायद्यात 2005 साली दुरुस्ती झाली आणि एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क मिळाला.